पहिली ओळ मोठ्याने वाच

ती फाइल उघड. आलेख नको, तो काल सेमिनारमध्ये सगळ्यांनी पाहिला. सोयाबीनच्या हिरव्यागार प्लॉटचा फोटोही नको. हवामानाची फाइल उघड आणि वरची पहिली ओळ मोठ्याने वाच. अक्षांश किती लिहिलाय?

२९.६३.

आणि रेखांश? उणे ८२.३७. उणे म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. ही जागा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात आहे, गेन्सव्हिल नावाच्या गावी. डीसॅट हे पीक मॉडेलांचं सॉफ्टवेअर संगणकावर घातलं की सोबत नमुन्याच्या फाइली येतात, त्यांतली ही एक. तू ती उघडलीस, खालचे आकडे पुसले, आपल्या वेधशाळेचे आकडे चिकटवले आणि वरची ओळ तशीच राहू दिलीस. आपलं शेत साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे. दोन हंगाम तू या फाइलवर मॉडेल चालवलंस. शेकडो वेळा ती उघडली असशील. एकदाही नजर वर गेली नाही?

बसू नकोस, उभा राहा. तुम्ही दोघीही ऐका, तुमच्याकडे मी येणारच आहे. काल सेमिनारमध्ये मी गप्प बसले, कारण बाहेरचे पाहुणे होते आणि परक्यांसमोर माझ्या विद्यार्थ्याचा पाणउतारा मी करत नाही. आज दार लावलंय.

अक्षांश चुकला तर बिघडतं काय, हे तुला ठाऊक असायला हवं होतं, तरी सांगते. मॉडेल दिवसाची लांबी कुठे मोजत नाही, ती अक्षांश आणि तारखेवरून काढतं. जुलैच्या मधल्या दिवसांत आपल्याकडे दिवस तेरा तासांचा असतो. साडेएकोणतीस अंशांवर तो त्याहून सुमारे चाळीस मिनिटं मोठा. सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक. दिवस मोठा झाला की फुलोरा लांबतो. मॉडेलमधलं तुझं जेएस ३३५ हे वाण उशिरा फुललं, ते बरोबरच होतं. त्याला दिलेल्या दिवसात ते तसंच फुलायला हवं होतं. चुकलास तू. मॉडेल आणि शेत यांच्यात इतक्या दिवसांचा फरक का पडतो, हे विचारायला तू माझ्याकडे आला नाहीस. तू वाणाची फाइल उघडलीस आणि निर्णायक दिवसमानाचा आकडा वर सरकवत बसलास. फुलोऱ्याची तारीख जुळेपर्यंत सरकवलास. ती जुळली, मग शेंगा भरण्याचा काळ बिघडला, म्हणून तोही आकडा बदललास. आणि या सगळ्याला प्रबंधात नाव दिलंस कॅलिब्रेशन.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. चुकीची ओळ राहून जाणं ही हयगय आहे, ती एकदा पोटात घालता येते. पण हवामानातली चूक तू वाणाच्या अंगात भरलीस. आता ते आकडे जेएस ३३५ चे राहिले नाहीत. त्यांत जेएस ३३५ किती आणि फ्लोरिडाचा दिवस किती, हे कोणालाही वेगळं काढता येणार नाही. आणि तुझा तो तक्ता प्रबंधात छापला जाईल. पुढच्या वर्षी लातूरला किंवा अमरावतीला कोणी पोर सोयाबीनवर काम करायला बसेल, सगळ्यात आधी तयार आकडे शोधेल आणि तुझे उचलेल. त्याची हवामानाची फाइल अगदी चोख असेल, तरी उत्तर चुकेल. तो महिनाभर स्वतःच्या नोंदींत खोट शोधत बसेल. त्या पोराचा तो महिना तू खाल्लास.

फाइल कुठून आली म्हणालास? वरच्या बॅचच्या सिनियरनं पेन ड्राइव्हवर दिली. त्याला कोणी दिली? त्याच्या सिनियरनं. म्हणजे ही ओळ किती वर्षं या प्रयोगशाळेत फिरते आहे, हे मला आता जुने प्रबंध काढून बघावं लागेल. त्यांतल्या काहींवर माझी सही आहे. ते माझं ओझं आहे आणि ते मी तुमच्यावर ढकलत नाही. पण दुसऱ्यानं दिलेली फाइल आहे म्हणून आपण ती तपासायची नसते, हे तुम्हाला कोणी शिकवलं? उसनं बियाणं आणलं तरी शेतकरी त्याची उगवण तपासतो. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती कोंब आले ते मोजतो. अडाणी म्हणवला जाणारा माणूस एवढं करतो.

आता ज्वारी. तू ये पुढे. रब्बी ज्वारीचं धान्य मॉडेलमध्ये निम्म्यावर आलं, म्हणून तू कणसाकडे जाणाऱ्या अन्नाचा आकडा वाढवलास. बरोबर? जानेवारीतला कोणताही दिवस उघड. सोलर रेडिएशनच्या रकान्यात काय आहे? ९.२, ८.८, ९.०. आणि वेधशाळेच्या वहीत त्याच दिवसांचे सूर्यप्रकाशाचे तास किती आहेत? ९.२, ८.८, ९.०. तासांचा रकाना तू उचलून मेगाज्यूलच्या रकान्यात ठेवलास.

वेधशाळेतला तो काचेचा गोळा पाहिलायस ना? ऊन त्यातून एकवटून मागच्या कागदी पट्टीवर पडतं, पट्टी जळत जाते आणि जळालेल्या रेघेची लांबी मोजून आपण तास लिहितो. ते तास आहेत. एका चौरस मीटरवर दिवसभरात किती ऊर्जा पडली, ते त्या गोळ्याला ठाऊक नसतं. ते आपण काढायचं, अँगस्ट्रॉम आणि प्रेस्कॉटच्या सूत्रानं. वातावरणाच्या वर पोचणारी ऊर्जा घ्यायची, दिवसाच्या कमाल शक्य तासांपैकी ऊन किती तास होतं ते प्रमाण घ्यायचं, आणि स्थानिक स्थिरांक हाताशी नसतील तर ०.२५ आणि ०.५० घ्यायचे. पहिल्या सत्रात हे गणित मी फळ्यावर केलंय, तुमच्या वह्यांत आहे. १५ जानेवारीला आपल्या अक्षांशावर वरून २७ मेगाज्यूल येतात, दिवस अकरा तासांचा असतो. नऊ तास ऊन म्हणजे जमिनीवर जवळपास १८ मेगाज्यूल. तू दिलेस ९. तुझी ज्वारी दोन महिने निम्म्या उजेडात वाढली आणि तू तिला भुकेलं पीक ठरवून तिच्या कणसाचा आकडा फुगवलास.

आणि समज, गणित येत नव्हतं. तरी डोळे होते ना? पावसाळ्यातले दिवस बघ. जुलैत तुझ्या रकान्यात ०.० आहे, ०.४ आहे. शून्य ऊर्जा म्हणजे दिवसा रात्र. ढग कितीही दाटले, पट्टीवर एक ठिपकासुद्धा जळाला नाही, तरी सूत्राप्रमाणे त्या दिवशी जमिनीवर नऊ-दहा मेगाज्यूल येतातच. उजेड असतो, पानं हिरवी असतात, पीक वाढत असतं. तू जुलैमध्ये शेतात उभी होतीस. अंधारात उभी होतीस का? मॉडेलला हे सांगताना तुला एकदाही थांबावंसं वाटलं नाही?

एकक तपासणं हे कारकुनी काम नाही. जुन्या वह्यांत लँगली असतं, त्याला ०.०४१८४ नं गुणायचं. कुठे सरासरी वॅट असतात, कुठे किलोवॅट-तास. उपग्रहाची माहिती घेताना तर आधी एकक वाचायचं, मग आकडा.

आता बस. तिसरी बाब मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिच्यावर मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचाय.

तुम्हा तिघांच्या फाइलीत पहिल्या हंगामाच्या जुलैमध्ये सलग नऊ दिवस पाऊस शून्य आहे. तिघांनीही त्यावर परिच्छेद लिहिलाय. पावसाचा खंड पडला, पिकाला ताण बसला, शाखीय वाढ खुंटली, त्यामुळे उत्पादन घटलं. एकीनं तर त्या नऊ दिवसांवर स्वतंत्र आलेख काढलाय. काल तो आलेख पाहिला आणि संध्याकाळी मी वेधशाळेत जाऊन मूळ वही उघडली. त्या नऊ दिवसांसमोर शून्य नाही. आडवी रेघ आहे. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलंय, पर्जन्यमापकाचं नरसाळं फुटलं, नवीन मागवलं आहे.

त्या निरीक्षकानं प्रामाणिकपणे लिहिलं की मला माहीत नाही. शून्य लिहून त्याला मोकळं होता आलं असतं, कोणी विचारलं नसतं. त्यानं रेघ ओढली आणि कारणही लिहिलं. ज्यानं वही टंकली त्यानंही इमानानं त्या जागी उणे ९९ घातलं, म्हणजे नोंद नाही. मॉडेल तिथे अडलं आणि त्यानं तुम्हाला सांगितलं की पावसाची नोंद नाही. आणि तुम्ही काय केलंत? फाइल चालेना म्हणून उणे ९९ काढून शून्य लिहिलंत. एका माणसानं आणि एका यंत्रानं तुम्हाला सावध केलं होतं. दोघांचंही तोंड तुम्ही बंद केलंत.

'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस किती पडला ते ठाऊक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हे कळायला कृषी पदवी लागत नाही.

शेजारच्या महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र आहे, महावेधचं. त्यातले आकडे मी काल रात्री पाहिले. त्या नऊ दिवसांपैकी सहा दिवस तिथे पाऊस आहे. तुम्ही म्हणाल, पाऊस गावागावाला वेगळा. मान्य. मग आपल्याच वेधशाळेचं कमाल तापमान बघा, ते तर तुमच्याच फाइलीत शेजारच्या रकान्यात आहे. त्या दिवसांत ते २६, २७ आहे. किमान आणि कमाल यांच्यात चार अंशांचा फरक. वहीत सकाळची आर्द्रता नव्वदीच्या वर. जुलैत नऊ दिवस उघडीप असती तर इथलं दुपारचं तापमान असं दबून राहिलं असतं का? शेजारचा रकाना ओरडून सांगत होता की आभाळ भरलेलं आहे. हवामानाचे रकाने एकमेकांचे साक्षीदार असतात. पाऊस, तापमानातलं अंतर, ऊन, आर्द्रता, चौघांची जबानी जुळवून बघायची. तुम्ही एकालाच विचारलंत, आणि त्याच्या तोंडातही स्वतःचेच शब्द घातलेत.

आणि जो खंड पडलाच नाही त्याची कारणमीमांसा केलीत. तुम्ही स्वतः त्या प्लॉटवर होतात, त्या जुलैमध्ये वापसा येईना म्हणून कोळपणी लांबली असं तुमच्याच शेतवहीत लिहिलंय! ते पान मी उघडून टेबलावर ठेवलंय. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला चिखल खोटा आणि संगणकातलं शून्य खरं, इथपर्यंत तुम्ही कसे पोचलात, हे मला समजत नाही.

नोंद नसेल तर काय करायचं, ते ऐका. शेजारच्या केंद्राची नोंद घेता येते, पण आधी दोघांच्या जुन्या नोंदी ताडून बघून. आणि घेतली तर प्रबंधात तसं लिहायचं, तारखांसकट. घेताना दिवस कुठे सुरू होतो ते बघायचं. आपली वेधशाळा सकाळी साडेआठला पाऊस मोजते आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिते. म्हणजे चौदाच्या रात्री कोसळलेला पाऊस वहीत पंधराला येतो. जे केंद्र मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतं, त्यात तोच पाऊस चौदाला. आणि तिसरी तू, कापसाच्या फाइलीत चौदा तारीख स्वयंचलित केंद्रातून भरलीस आणि पंधरा वेधशाळेतून ठेवलीस. एकच रात्र दोनदा कोसळली. ६२ मिलिमीटर चौदाला आणि ५८ पंधराला, हे आकडे इतके सारखे का, असा प्रश्न तुझ्या मनात यायला हवा होता.

दुसऱ्या हंगामाची फाइल तर आणखी वेगळी. त्यात रोजच्या नोंदी मिळाल्या नाहीत म्हणून तुम्ही अहवालातले हवामान आठवड्याचे आकडे घेतलेत आणि सातानं भागून रोज सारखे टाकलेत. बावन्नाव्या आठवड्याला आठ दिवस असतात, लीप वर्षात नवव्यालाही, ते विसरलात. पण ते सोडा. मूळ गोष्टच बघा. आठवड्याला ७० मिलिमीटर, म्हणून रोज १० मिलिमीटर. शेतात तसा पाऊस पडतो का? मॉडेल अपधाव कर्व्ह नंबरनं काढतं. आकडा ८० धरा. सुरुवातीचे साधारण पावणेतेरा मिलिमीटर जमीन पिते, त्यानंतर पाणी वाहायला लागतं. रोज १० दिलेत तर सात दिवसांत एक थेंब वाहणार नाही. तोच ७० एका दिवशी पडला तर २७ मिलिमीटर बांधाबाहेर जातो. पाऊस तितकाच, पण एका शेतात माती वाहून गेली आणि दुसऱ्यात सगळं पाणी मुरलं. तुम्ही त्यावरून लिहिलंत की ओलावा पुरेसा होता, संरक्षित पाण्याची गरज नाही. हे वाक्य शेततळं खणू की नको अशा विचारात असलेल्या माणसाच्या हातात पडलं तर?

तारखांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते फार साधं आहे आणि तरीही चुकलंय. एक्सेलनं ५ जुलै ही ७ मे वाचली, आणि तेरा तारखेपासून पुढचे दिवस जागच्या जागी राहिले. त्यामुळे तुमच्या फाइलीत मेमध्ये मुसळधार पाऊस आहे आणि प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस विस्कटलेत. वर्षभराच्या पावसाचा नुसता आलेख काढला असता तरी दिसलं असतं. लीप वर्षातला २९ फेब्रुवारीही पुसायचा नाही, त्या वर्षी दिवस ३६६ असतात. संपला विषय.

उपग्रहाच्या जाळीतून आलेली माहिती वापरू नका असं मी म्हणत नाही. नासाच्या पॉवरचं तापमान आणि रेडिएशन पठारावर पुष्कळदा कामाला येतं. पण पाऊस घेताना आपण कुठे उभे आहोत ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला या, तो हजाराच्याही आत असतो. अर्ध्या अंशाचा चौकोन या दोघांना एकाच खोलीत कोंबतो आणि दोघांचाही नसलेला एक पाऊस सांगतो. घाटमाथ्याच्या पूर्वेला काम करणाऱ्यानं तो आकडा जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडल्याशिवाय हातात घेऊ नये.

मी एवढी का चिडते, ते तुम्हाला कळावं असं मला वाटतं. १९८३ च्या मार्चमध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या संशोधन संस्थेत, पीक मॉडेलांसाठी किमान कोणती माहिती हवीच यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मॉडेलचं पोट भरायला शंभर गोष्टी मागता आल्या असत्या. हवामानातून शेवटी रोजच्या चार आकड्यांवर भागवलं जातं: ऊर्जा, कमाल, किमान, पाऊस. गरीब देशांतल्या साध्या वेधशाळांनाही झेपावं म्हणून इतकं कमी. आणि पुण्यात तर १९३२ पासून कृषी हवामानाचा स्वतंत्र विभाग आहे, डॉ. एल. ए. रामदासांनी उभा केलेला. नव्वद वर्षांहून अधिक काळ या देशात कोणी ना कोणी रोज सकाळी उठून वेधशाळेच्या तारेच्या कुंपणात शिरतो, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरतो आणि एक दशांश मिलिमीटरपर्यंत आकडा लिहितो. दिवाळीला लिहितो, घरात आजारपण असताना लिहितो. चार आकडे. ते आपण नीट उचलूनही ठेवू शकत नाही?

आणि पुढे काय होतं ते बघा. आपल्या विभागातून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला जातो. उद्या तुमच्यापैकी कोणी तो लिहायला बसेल. पेरणीची तारीख मॉडेलवरून सुचवाल. ती चुकली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा आणि बहुधा उसनवारीनं. फळपीक विम्यात तर केंद्रावरचं तापमान आणि पाऊस यांवरच डाळिंबवाल्याला, द्राक्षवाल्याला भरपाई मिळायची की नाही ते ठरतं. तिथेही कोणीतरी तुमच्यासारखाच बसलेला असेल, समोर उणे ९९ असेल आणि फाइल चालत नसेल.

आता काय करायचं ते लिहून घ्या. वाणांचे सगळे आकडे मूळ जागी न्या, तुम्ही बदललेला एकही ठेवू नका. हवामानाच्या फाइली पुसा. नवीन फाइल वहीवरून करा, सिनियरची नाही, स्वतःची. पहिल्या ओळीत आपला अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, वार्षिक सरासरी तापमान आणि महिन्यांमधला चढउतार, सगळं आपलंच, मोजून काढलेलं. प्रत्येक वर्षाच्या पावसाचा, दोन्ही तापमानांचा आणि रेडिएशनचा आलेख कागदावर छापून आणा. रेडिएशनच्या आलेखावर वातावरणाबाहेरच्या ऊर्जेची रेषा काढा. निरभ्र दिवशीही तिच्या तीन चतुर्थांशांच्या फार वर जो ठिपका जाईल त्याला लाल गोल करा आणि त्याचं कारण शोधा. कमाल किमानाहून कमी असेल तिथे गोल. पाऊस आहे आणि कमाल-किमानातलं अंतर पंधरा अंश आहे, तिथेही. जे भरलं असेल त्याची वेगळी यादी: तारीख, कुठून घेतलं, का. ती प्रबंधात परिशिष्ट म्हणून जाईल. मग मॉडेल चालवा. उत्तर शेताशी जुळलं नाही तर तसंच घेऊन या. न जुळणारं उत्तर माझ्या टेबलावर चालेल, पण जुळवलेलं पुन्हा दिसलं तर मी मार्गदर्शक म्हणून माझं नाव काढून घेईन.

प्रबंध सादर करायची मुदत निघून जाईल, हे मला माहीत आहे. मुदतवाढीचा अर्ज मी लिहिला आहे, कारणाच्या जागी मार्गदर्शकाच्या देखरेखीतील त्रुटी असं घातलंय आणि ते खरं आहे. शिष्यवृत्तीचं काय होतं ते मी विभागप्रमुखांशी बोलते. त्याची काळजी तुम्ही करू नका, तुम्ही फाइलीची करा.

डोळे पूस, ज्वारीचं गणित तुला येतं. पहिल्या सत्रात तूच ते सगळ्यांत आधी सोडवलं होतंस, म्हणून तर मला राग जास्त आला.

उद्या सकाळी सव्वाआठला तिघंही वेधशाळेच्या फाटकाशी या. ज्यांनी ती रेघ ओढली ते निरीक्षक तिथे असतील. त्यांनी मोजायचं, तुम्ही वहीत लिहायचं. महिनाभर. पाऊस असला तरी.

आणि तू, जायच्या आधी तो २९.६३ माझ्यासमोर बदल.